सोनीबाईंची सहावी मिटिंग

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता, पण जिल्ह्याला मात्र फार भाव आला होता. दिल्लीचे लोक येत, मुंबईचे येत, कॅमेरे घेऊन गोरे लोकही येत, आणि यवतमाळच्या बऱ्या लॉजवर खोली मिळणं मुश्कील झालं होतं. त्यातल्याच एका पाहुण्याच्या कृपेनं आमच्या संस्थेला प्रकल्प मिळाला. नाव होतं, 'महिला लोकप्रतिनिधींचा राजकीय सहभाग'.

कापसाच्या संकटाचा आणि या सहभागाचा संबंध काय, असं मी विमलताईंना एकदा विचारून पाहिलं. विमलताई आमच्या संचालिका. खादीची साडी, गळ्यात आदिवासी माळ, आणि फोनवर दिल्ली असली की आवाजात मध. त्या म्हणाल्या, "नुजहत, संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी फंड आहे. संकट कोणतं ते त्यांनी विचारलं नाही. तू कशाला उकरून काढतेस?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं. पण बंबावर मला नोकरी मिळाली होती, म्हणून मीही गप्प बसले.

माझं पद मॉनिटरिंग अधिकारी. काम सांगायची मला लाज वाटायची, अजूनही वाटते. दिल्लीहून एक तक्ता आला होता. ग्रामसभेत, शिबिरात, जिथे जिथे बाई बोलेल तिथे तिचं बोलणं घड्याळ लावून मोजायचं आणि मिनिटं तक्त्यात भरायची. उद्दिष्ट ठरलेलं: पहिल्या वर्षी बाईमागे दोन मिनिटं, तिसऱ्या वर्षी सहा. बाई बोलत असताना मी मध्ये तोंड उघडायचं नाही, कारण मॉनिटर तटस्थ असतो. माझे अब्बा, अब्दुल गनी, पुसदच्या बसस्टँडमागे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांनी एकदा संध्याकाळी विचारलं, "बेटी, दिनभर क्या किया?"

"बायका किती मिनिटं बोलल्या ते मोजलं."

अब्बांनी पाना खाली ठेवला. "अच्छा. और बोलीं क्या?"

"ते लिहायला रकाना नाही, अब्बा."

त्यांनी पुन्हा पाना उचलला आणि मोटारीशी बोलू लागले. मोटार तरी कशानं बिघडली ते सांगते, असं काहीतरी पुटपुटले.

आमच्या चाळीस महिला सदस्यांत सगळ्यांत जास्त मिनिटं सोनीबाईंची होती. सोनीबाई राठोड, हिवरदरी ग्रामपंचायतीच्या सदस्य. हिवरदरी पुसदपासून तासाभरावर. गाव खाली, आणि बंजाऱ्यांचा तांडा वर, दीड किलोमीटरच्या चढावर. नऊ सदस्यांत तांड्याच्या त्या एकट्या. वय पन्नाशीच्या पुढे, हातभर बांगड्या, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी आमच्या शिबिराचं काही अडायचं नाही. निवडून आल्यापासून त्यांची मागणी एकच होती: गावात नळयोजना मंजूर झाली आहे, तिची पाइपलाइन तांड्यापर्यंत आली पाहिजे. सरपंच वामनराव म्हणायचे, येईल की, दुसऱ्या टप्प्यात. दुसरा टप्पा म्हणजे काय, ते आमच्या संस्थेत काम केल्यामुळे मला पक्कं माहीत होतं. तो असतो, पण येत नाही.

सोनीबाई शिबिराला कधी चुकल्या नाहीत. जूनपासून दर महिन्याला दोन दिवसांचं निवासी शिबिर यवतमाळला असायचं. त्या पहाटेची एसटी धरून यायच्या, दोन दिवस राहायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या. विमलताई पाहुण्यांना सांगायच्या, "ही आमची सक्सेस स्टोरी." सोनीबाईंना तो शब्द आवडायचा नाही. त्या म्हणायच्या, "माहं नाव सांगा ना, स्टोरी कायले सांगता?"

ऑक्टोबरच्या शेवटी दिल्लीहून तक्त्यात एक नवा रकाना आला: सदस्यांची ग्रामपंचायतीच्या मासिक सभेतली उपस्थिती. दीड वर्ष प्रकल्प चालला होता आणि राजकीय सहभाग मोजताना हा रकाना कोणाला सुचला नव्हता. आम्ही आमच्या शिबिराची हजेरी घ्यायचो. बाई आमच्याकडे आली की तिचा सहभाग झाला, असा आमचा साधा हिशोब.

मी स्कूटीवर हिवरदरीला गेले आणि ग्रामसेवकाकडून हजेरीचं रजिस्टर मागून घेतलं. जूनच्या सभेत सोनीबाई गैरहजर. जुलै, गैरहजर. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, गैरहजर. मला वाटलं चुकून दुसऱ्या बाईची ओळ बघतेय. मग सभेच्या तारखा पाहिल्या. चौदा जून. बारा जुलै. नऊ ऑगस्ट. या तारखा मला पाठ होत्या. शिबिराची पत्रं मीच वाटली होती.

मान वर केली तर समोरच्या भिंतीवर आमचं वर्षभराचं रंगीत वेळापत्रक चिकटवलेलं. 'माहितीस्तव सविनय सादर', खाली विमलताईंची सही. सगळ्या ग्रामपंचायतींना आम्हीच पाठवलं होतं, आणि ते पोहोचल्याच्या पावत्या फाइलीत लावून दिल्लीकडून शाबासकीही मिळवली होती.

वामनराव खुर्चीत पान लावत बसले होते. मी विचारलं, "भाऊ, या तारखा अशा कशा जुळल्या?"

"जुळल्या म्हंजे? जुळवल्या ना मॅडम." माणूस खोटं बोलला असता तर मला राग तरी काढता आला असता. "तुमचं कॅलेंडर लय कामाचं हाय. सोनीबाई असली का मिटिंग चार चार तास चालते. नसली का अर्ध्या तासात चहा होते. अन आता फक्त एक राह्यली. सलग सहा मिटिंगा बिनपरवानगी चुकल्या का मेंबरी जाते, कायदाच हाय. मी काई नाई करून राह्यलो."

सहावी मिटिंग बावीस नोव्हेंबरला होती. बावीस नोव्हेंबरला आमच्याकडे दिल्लीची मॅडम येणार होती, दुसऱ्या टप्प्याचं अनुदान द्यायचं की नाही ते ठरवायला, आणि तिच्यासमोर सोनीबाईंचं भाषण होतं. विषय, 'माझा सहभाग'.

मी तशीच यवतमाळला गेले. विमलताईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "शिबिराची तारीख बदलू."

"वेळापत्रक मंजूर आहे, नुजहत. बदलायला तीन महिने आधी दुरुस्तीचं पत्र लागतं."

"मग सोनीबाईंना येऊ नका सांगू."

"भाषणाचा कार्यक्रम छापून झालाय."

"ताई, त्यांची मेंबरी जाईल! मग आपण वामनरावांविरुद्ध तक्रार तरी करू."

विमलताईंनी चष्मा काढला. "करारात काय लिहिलंय ते वाचलंस ना? संस्थेनं कोणत्याही राजकीय बाबीत पडायचं नाही. अनुदान रद्द होतं."

"प्रकल्पाचं नावच राजकीय सहभाग आहे."

"सहभाग आहे. राजकारण नाही," त्या म्हणाल्या, आणि हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. नियमात बसत नव्हतं, पण गेले. वेचणीचे दिवस होते. सोनीबाईंच्या एकाच खोलीत अर्ध्या खोलीला कापूस, आणि त्या दारात बसून पायाच्या भेगांना तेल लावत होत्या. मी सांगितलं. त्यांना सहाचा कायदा माहीतच नव्हता. पाच शिबिरांत आम्ही त्यांना नेतृत्वाचे अकरा गुण शिकवले होते, गाणी शिकवली होती, दोऱ्याचा खेळ खेळवला होता, पण तो कायदा राहून गेला होता.

"पन मी त तुमच्याकडं होती ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्रात लिवलं राह्यते, हजर राहणं बंधनकारक. मले वाटलं सरकारीच काम हाय. तिकडं हजर म्हंजे इकडची रजा."

'बंधनकारक' हा शब्द विमलताईंनी हजेरी वाढावी म्हणून घातला होता. हजेरी वाढली होती, खरंच. मला त्यांच्याकडे बघवेना.

"या बावीसला यवतमाळला येऊ नका," मी म्हटलं. "कोणीही बोलावलं तरी. मिटिंगला बसा. रजिस्टरात सही होईपर्यंत खुर्ची सोडू नका."

"नाई सोडत," सोनीबाई म्हणाल्या. "बाया रोज दोन खेपा करते या चढावून, हंडे घेऊन. माही मेंबरी गेली त तांड्याचं कोन बोलन तिथं?"

सोनीबाईंनी स्वतःच विमलताईंना फोन करून सांगितलं की मी येत नाही, माझी मिटिंग आहे. मला वाटलं आता माझी गच्छंती. पण विमलताईंच्या डोक्यात भलताच उजेड पडला. त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "नुजहत, हे तर उत्तमच! भाषण कशाला? दिल्लीला मिटिंगच दाखवू. प्रत्यक्ष! आपण सगळे हिवरदरीला जाऊ."

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू? दिल्लीसमोर वामनरावांना काही वाकडं करता येणार नाही, असं मला वाटलं.

बावीस तारखेला दुपारी साडेबाराला आमच्या तीन गाड्या हिवरदरीत शिरल्या. त्या वर्षांत गावात गाडी आली की एक रीतच पडून गेली होती. कोण आलंय, कशाला आलंय, हे नंतर. आधी शाल, नारळ आणि सत्कार. वामनरावांनी तर लाऊडस्पीकर लावला होता. दिल्लीच्या मॅडमला शाल, विमलताईंना शाल, कॅमेरावाल्याला शाल, ड्रायव्हरांना नुसते नारळ. मॅडम हरखून म्हणाली, "सरपंचजी कितने सपोर्टिव्ह हैं." तटस्थ असल्यामुळे मी काही बोलले नाही.

सोनीबाई बारा वाजल्यापासून पंचायतीच्या खोलीत खुर्चीवर बसून होत्या. सत्काराला बोलावलं तरी बाहेर आल्या नाहीत. नवा घागरा, पदर डोक्यावर, आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

एक वाजत आला. मिटिंग एकची. कॅमेरावाला आत डोकावला आणि म्हणाला, अंधार आहे, चेहरा दिसत नाही, बाहेर लिंबाखाली घेऊ. मॅडम म्हणाली, बस दो मिनट. विमलताईंनी मला डोळ्यांनी खुणावलं.

आणि मी आत गेले. मीच गेले. वामनरावांना विचारलं, "भाऊ, मिटिंग सुरू नाही ना करत एवढ्यात?"

"काहो मॅडम, पाव्हने बाहेर असतानी कायची मिटिंग? घ्या तुमचं आरामात."

"सोनीबाई, पाचच मिनिटं," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तूच सांगितलंस ना खुर्ची सोडू नको, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. पण माझ्यावर विश्वास ठेवून त्या उठल्या.

लिंबाखाली त्या बोलायला लागल्या आणि मी घड्याळ सुरू केलं. आजवर शिबिरात त्या बोलायच्या ते आम्ही शिकवलेलं असायचं, मी सक्षम आहे वगैरे. त्या दिवशी त्या चढाबद्दल बोलल्या. कोणत्या दगडावर कोणती बाई घसरली, कोणाचा पाय मोडला, कोणाची सून बाळंतपणाच्या आठव्या दिवशी हंडा घेऊन उतरली. मॅडमचे डोळे भरून आले होते. दीड वर्षात पहिल्यांदा मीही मिनिटं सोडून बोलणं ऐकत होते.

म्हणूनच मला उशिरा दिसलं. पंचायतीच्या खिडकीत ग्रामसेवक उभा होता. त्याच्या हातात ते रजिस्टर, आणि एकेक सदस्य पुढे होऊन सही करत होता. वामनराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सात सह्या झाल्या असतील. सोनीबाई तिथून वीस पावलांवर उभ्या होत्या आणि सहाव्या मिटिंगला गैरहजर होत होत्या. त्यांना बाहेर मी आणलं होतं.

मी विमलताईंचा हात धरला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बाई बोलतेय.

"सोनीबाई, बंद करा!" मी ओरडले. असा आवाज माझ्या घशातून कधी निघाला नव्हता. "पुरे झालं बोलणं! आत जा! पळा!"

कॅमेरा माझ्याकडे वळला. मॅडमचं तोंड उघडं राहिलं. सोनीबाई शब्द अर्धा टाकून थांबल्या, खिडकीकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी घागरा उचलून धावत सुटल्या. पन्नाशीची बाई, पण चढाचे पाय होते ते.

मी दारापर्यंत गेले तेव्हा ग्रामसेवक रजिस्टर मिटत म्हणत होता, "बाई, सभा झाली, आता कायची सही?"

सोनीबाईंनी रजिस्टर ओढून घेतलं. "झाली? किती वाजता चालू झाली अन किती वाजता झाली? लिवून दे. बाहेर कॅमेरा चालू हाय, त्यात टाइम राह्यते म्हनते." ते खरं होतं की नाही मला आजही माहीत नाही. ग्रामसेवकानं वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी छताकडे पाहिलं. सोनीबाईंनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर, आणि मग खुर्चीवर बसल्या. "आता वाच, काय काय ठराव झाले ते. पहिल्यापासून."

तो वाचत गेला. चौथा ठराव नळयोजनेचा होता: पाइपलाइन गावठाणापर्यंत, तांडा दुसऱ्या टप्प्यात, सर्वानुमते मंजूर.

"सर्वानुमते नाई. माही ना हाय. सोनीबाई राठोडची ना, अस्सं लिव." त्यानं लिहिलं. त्या एका नकारामुळे पाइपलाइन काही त्या दिवशी चढ चढून आली नाही. पण तालुक्याच्या साहेबानं फाइल परत पाठवली, तांड्याचा खर्च धरून पुन्हा सादर करा म्हणून. तेवढंच झालं, आणि ते कमी नव्हतं.

इकडे मिटिंग बघायला आलेल्या कोणी मिटिंग पाहिली नाही. सगळे लिंबाखालीच होते, आणि मॅडम विमलताईंना विचारत होती की तुमचे कर्मचारी बायकांवर असे ओरडतात का. मी समजावायला गेले. विमलताई इंग्रजीत म्हणाल्या की ही सध्या जरा ताणाखाली आहे.

दिल्लीचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. कार्यक्रम चांगला, सरपंचांचा पाठिंबा अनुकरणीय. फक्त एक गंभीर बाब: एका महिला सदस्याला बोलताना चार मिनिटं दहा सेकंदांवर अडवण्यात आलं, आणि अडवणारी व्यक्ती संस्थेचीच होती. खुलासा करावा. विमलताईंनी मला एक टाइप केलेला कागद दिला. 'मला कोणीही बोलण्यापासून अडवलेले नाही.' खाली सोनीबाईंची सही आणायची होती. सही आली तर माझी नोकरी राहणार होती.

सोनीबाईंनी तो कागद बोट फिरवत वाचला. "हे खोटं हाय," म्हणाल्या. "तू मले अडवलं. सगळ्यायनं पाह्यलं."

"सोनीबाई, माझी नोकरी आहे यात."

"मंग मी खरं लिवतो, बेटी. खऱ्यानं कायले जाईन तुही नोकरी?" कागद उलटा करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. बराच वेळ लागला. 'नुजहत मॅडमनं मले बोलू देलं नाई, म्हनून मी आज मेंबर हाय.' आणि सही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मी तो कागद विमलताईंच्या हातात दिला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या की लांबलचक विधानं दिल्लीला चालत नाहीत. मार्चमध्ये वार्षिक अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लिंबाखालच्या सोनीबाई. बाराव्या पानावर मथळा: 'आम्ही आमच्या चुकांमधून शिकतो.' आणि खाली ठळक अक्षरात, अवतरणचिन्हांत: 'नुजहत मॅडमनं मले बोलू देलं नाई. – एक महिला सदस्य.' संस्थेच्या या प्रामाणिकपणाचं दिल्लीला फार कौतुक वाटलं. दुसरा टप्पा मंजूर झाला. त्यात मी नव्हते.

तो अहवाल घेऊन मी तांड्यावर गेले. चढावर बायका हंडे घेऊन उतरत होत्या. सोनीबाईंनी स्वतःचा फोटो पाहिला, मग बारावं पान वाचलं.

"बाकीचं कुठं गेलं?"

"कापलं."

"कापू दे," त्या म्हणाल्या. "माहं सगळं त्या रजिस्टरात हाय. दर महिन्याले हाय." मग अहवाल मिटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन तुही नोकरी?"

"गेली."

"माह्यापाई?"

"नाही, सोनीबाई. माझ्यामुळेच. पाचही शिबिरांची पत्रं मीच आणून द्यायचे तुम्हाला. आणि त्या दिवशी खुर्चीवरून मीच उठवलं."

मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे, तुझा काय दोष. कोणीही म्हटलं असतं.

"ते त हायच," सोनीबाई म्हणाल्या, आणि ताट घेऊन मला जेवायला वाढलं.